कुलपावरचा हात

अगं, आज काय झालं ऐक! सरकारी कचेरीच्या भिंतीवर मी जुन्या गिरणीच्या आगीचं चित्र काढलं ना, त्यात फाटकाचं कुलूप उघडून कामगारांना वाचवणारा माणूस म्हणून आमचे आजोबा काढले. ते आम्हाला लहानपणापासून तसंच सांगायचे, आणि मीही कचेरीतल्या साहेबांना ते अगदी मिरवून सांगितलं होतं.

आज उद्घाटनाला त्या आगीतून वाचलेल्या एक आजी आल्या. साहेबांचं भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात त्या काठी टेकत भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी थेट आजोबांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हुबेहूब उतरलाय गं पोरी! पण एक चुकलं. हा मुकादम कुलूप उघडत नव्हता, लावत होता. माझी बहीण आतच राहिली."

मी हळूच मागे सरकायला लागले.

"याच्या घरचं कुणी भेटेल का गं मला?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "दोन शब्द विचारायचेत."

"मला नाही माहीत, आजी," मी कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात माइकवरून साहेबांचा आवाज घुमला, "आणि आता टाळ्या आपल्या चित्रकार ताईंसाठी, त्या शूर माणसाच्या सख्ख्या नातीसाठी!"

आजींनी मनगट सोडलं नाही.