एकच गोळी

दत्तात्रेयाने काचेच्या थाळीवरचे झाकण उचलले आणि लगेच परत ठेवले. चष्मा पुसला, खिडकीपाशी उजेडात गेला आणि मग पुन्हा उचलले.

थाळीतल्या जेलीसारख्या थरावर जंतू रात्रभर वाढले होते. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चार टिकल्या त्याने काल स्वतःच्या हाताने ठेवल्या होत्या. औषध लागू पडणारे असले की टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत आणि तेथे स्वच्छ वर्तुळ राहते. दवाखान्याच्या या खोलीत तो आठ वर्षे अशी वर्तुळे पट्टीने मोजत आला होता. आज सल्फाच्या टिकलीला जंतू अगदी कडेपर्यंत भिडले होते. स्ट्रेप्टोमायसिनच्याही. टेट्रासायक्लिनभोवती नुसते धूसर कडे होते. क्लोरॅम्फेनिकॉलभोवती मात्र वर्तुळ होते, पण अरुंद. त्याने पट्टी लावली. सरळ धरून पुन्हा लावली. आकडा बदलला नाही.

थाळीच्या बुडाशी मेणाच्या पेन्सिलीने त्याच्याच अक्षरात लिहिले होते: केसर, वय सहा.

भिंतीपलीकडे केसर खाटेवर होती. चार दिवस जुलाबातून रक्त पडत होते. कालपर्यंत ती पाणी मागत होती; सकाळपासून तेही मागत नव्हती.

डॉक्टर छत्री झटकत आत आले. थाळी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"स्ट्रेप्टोमायसिन तुमच्या मुलीला कधी दिलं होतं?"

"कधीच नाही. सल्फासुद्धा इथे आल्यावरच."

"मग या जंतूंना शिकवलं कोणी?" डॉक्टरांनी थाळी उजेडाकडे तिरपी केली. "जपानातल्या लोकांनी लिहिलंय, दत्तोबा. एका जंतूला औषध पचवायची युक्ती साधली, की तो ती शेजारच्याला देतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो. आपल्यापेक्षा बरे म्हणायचे."

दत्तात्रेयाला हसू आले नाही.

"क्लोरॅम्फेनिकॉल आत्ता सुरू करतो. दर सहा तासांनी, आणि रक्त थांबलं तरी ठरलेले दिवस पुरे करायचे. अर्धवट सोडलं तर हेही हातचं जाईल." दाराशी ते थांबले. "आधी घरी दिलेलं औषध, त्या रकान्यात काय लिहिलंय?"

"काही नाही."

"नक्की?"

"मीच लिहिलंय."

डॉक्टर गेले. थोड्या वेळाने सगुणा आली. मुलीची चादर पिळून तिचे हात पांढरे पडले होते.

"काय निघालं हो?"

"सल्फा लागू पडत नाही."

"म्हणजे ती आपली पांढरी गोळी? असं कसं? पहिल्या दिवशी तर लागली होती."

"कोणती गोळी?"

"तुम्हीच नाही का बाटली आणून ठेवलीत दोन वर्षांमागं? पोट बिघडलं की एक दे म्हणालात. दिली एक. दुपारी उतार पडला, म्हणून दुसरी नाही दिली."

"आणि याआधी?"

"याआधीही तसंच. तिला एक, तुम्हाला एक. आळीत कोणी आलं तर त्यालाही एकच. फुकट नाही घालवली कधी." कामी येईल म्हणून तिने बाटली बरोबर आणली होती. पिशवीतून काढून तिने ती त्याच्या हातावर ठेवली. शंभरांतल्या सात-आठ गोळ्या तळाशी उरल्या होत्या.

दत्तात्रेयाने केसरचा कागद पुढे ओढला, पट्टी ठेवून 'काही नाही' या शब्दांवर रेघ मारली आणि वर नीट लिहिले: सल्फा, एक गोळी. मग टाक तसाच धरून तो बसून राहिला. आळीत आणखी कोणाकोणाला, यासाठी कागदावर रकाना नव्हता.

"वैनी, केसर कशी हाय?"

खिडकीबाहेर मैना उभी होती. थळ गावातल्या त्यांच्याच आळीतली. डोक्यावर गोणपाट, कडेवर दोन वर्षांचा नामा. उत्तराची वाट न पाहता तिने गजांतून हात आत घातला.

"ह्याचं पन कालपास्नं तसंच चाललंय. तुमच्या घरला गेले तर कुलूप. म्हनलं, हितंच येते. येक द्या."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिले.

"गोळी नाही, मैना," दत्तात्रेय म्हणाला. "त्याला आत आण. डॉक्टर बघतील."

"बघायचं काय त्यात? खाटेवर घालतील, आन् मी हितं बसू? लावणी कोन करील, तुमचा डॉक्टर?" ती हसली. "येकच द्या भावजी. जास्त कवा मागितली काय मी?"

"नाही म्हटलं ना."

मैनाची नजर त्याच्या मुठीतल्या बाटलीवर गेली. तिचे हसू ओसरले.

"केसरसाठी ठेवताव व्हय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट समजूत होती. "ऱ्हाऊ द्या मग. पोर आजारी असल्यावर मानूस असंच करतं."

तिने हात मागे घेतला, पोराच्या पाठीवर गोणपाट ओढले आणि ती फाटकाकडे चालू लागली. नामाची मान तिच्या खांद्यावर सैल हलत होती.

"मैना, थांब."

पावसात तिला ऐकू गेले नसावे. थाळीचे झाकण तसेच उघडे टाकून दत्तात्रेय बाहेर धावला. पायांत वहाणा नव्हत्या. बाटली मुठीतच राहिली होती आणि प्रत्येक पावलागणिक तिच्यातल्या गोळ्या वाजत होत्या.

तो आवाज ऐकून मैना थांबली. वळली, आणि तिने हात पुढे केला.