दर तासाला एक पेला

कोरगावच्या काजूच्या कारखान्यात दुपार उलटली की चंद्रावतीचे डोळे अंधारून येत आणि सोलता सोलता अख्खे गर हातात मोडत. डब्यात पेज असे, पण तिचंही वरचं पाणी ओतून टाकून ती नुसती शितं तेवढी खाई.

एकदा पेडण्याचे डॉक्टर येऊन सांगून गेले की बायका पाणी पीत नाहीत, म्हणून त्यांना चक्कर येते आणि कामात लक्ष राहत नाही. दर तासाला एक पेला प्यायलाच हवा. जयराम मुकादमाने लगेच दारात माठ आणून ठेवला. आठवडा झाला, तरी माठ भरलेलाच.

"फुकटचा पाणीसुद्धा गळ्याखाली जायना गे तुमच्या?" मोडक्या गरांनी भरलेलं सूप चंद्रावतीपुढे आपटून तो ओरडला. "तुमच्यापेक्षा म्हशी बऱ्या!"

चंद्रावती उठली. सगळ्यांदेखत माठातले चार पेले घटाघटा प्यायली आणि येऊन त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"चावी दी."

"कसली चावी?"

"हापिसामागच्या संडासाची."

"तो सायबाचो! सात वर्सां तुमचा काय अडला नाय, आणि आजच अडला? इतकी वर्सां काय करी होतात गे तुमी?"

तिने पसरलेला हात मागे घेतला नाही.

"पाणी पियत नाय होतव."