शिंपल्यांचा चुरा

साळूबाईच्या विलायती कोंबड्यांची अंडी रोज कराडच्या हॉटेलात जात; घरच्यांना रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. पोटुशी सून शेवंता कोंबड्यांचं खाणं हातानं कालवी: मक्याचा भरडा, पेंड, सुकटीची भुकटी आणि टरफल टणक व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "बाळाची हाडं तुझ्याच अंगातून घडणार. दूध, अंडी खा." सासूनं ते कानाआड केलं होतं. आज साळूबाई खुराड्यापाशी आली, तेव्हा शेवंता तोंड मिटून काहीतरी चघळत होती. "अंडं चोरलंस? त्वांड उघड!" तिनं सुनेचा जबडा धरून तोंडात बोट घातलं. बोटाला शिंपल्यांचा पांढरा चुरा लागला. शेवंताला वाटलं, आता तरी सासूला पाझर फुटेल. साळूबाईनं चुऱ्याचा डबा उचलून काखेत मारला. "शिंपल्याबिगर अंडी मऊ पडत्यात, ठाव न्हाई? कोंबड्यांच्या तोंडचा घास पळवतीस व्हय गं?"