कोपऱ्यावरचं पिवळं घर

तीस वर्षं क्लीव्हलँडमध्ये बस चालवून साठवलेल्या पुंजीतून व्हर्लीन टिब्जला भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घ्यायचं होतं. घरमालकाशी करार करायचा आणि तो करारच पुढे विकायचा, असा धंदा करणारे दलाल शनिवारी वाचनालयात जमत. एका शनिवारी तीही तिथे गेली. तिने तिघांना एकच प्रश्न विचारला, "हेझेल रस्त्याच्या कोपऱ्यावरचं पिवळं घर मिळेल का?"

"मिळेल का म्हणजे? करार खिशात आहे!" पहिला म्हणाला. "मालकाने कालच सही केली. दुपारपर्यंत इसार द्या, नाहीतर गेलंच समजा."

दुसरा म्हणाला, "मालक माझा जिवलग दोस्त आहे, मॅडम. तुमच्यासाठीच थांबवलंय."

तिसरा डॅरियस. त्याने मान खाजवली. "मिस व्हर्लीन, ते माझ्याकडे नाही. मालकाला विचारल्याशिवाय मी शब्द देत नाही."

व्हर्लीनला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. तिने पर्समधली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ते विकायचं नाही रे बाळा, ते माझंच घर आहे, त्यात मी राहते. तुझ्याकडे खरोखर कुठलं आहे ते दाखव. चल, आत्ताच!"