अकरा वर्षांनी दुखलेलं डोकं

डाव्या हाताचं कोपर पुरतं सरळ होईना, तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा यशोदाबाईंच्या उजव्या दंडाला गुंडाळला.

"मी लहान असताना आई विहिरीच्या पायरीवरून पडली होती," त्यांचा मुलगा दीपक म्हणाला.

रक्तदाब ठीक होता. डोक्याच्या तपासणीतही काही निघालं नव्हतं.

"कुठे दुखतं, अक्का?"

यशोदाबाईंनी कपाळाभोवती बोट फिरवलं. "पट्टा आवळेल सारखं. दीड महिना व्हई गया."

"झोप, जेवण?"

उत्तर सुनेने दिलं. "पहाटेच उठून बसतात. अर्धी भाकरी ताटात राहते. भाजी घेऊन एरंडोलच्या बाजारालाही आता मलाच पाठवतात," नूतन म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मनावर ताण असला, उदास वाटत असलं, की मानेचे, कपाळाचे स्नायू आवळून राहतात. दुखणं खरंच असतं, सोंग नसतं. मनात काय आहे ते कोणाशी तरी बोला."

यशोदाबाई पदर सावरून उठल्या.

जळगावहून परतताना बसमध्ये दीपकने ठरवूनच टाकलं. त्याचे वडील मगन अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेले, ते परत आलेच नव्हते.

"आईने एवढी वर्षं मनातच ठेवलं. मी पेपरात आबांचा फोटो देतो. ते सापडले की ती बरी होईल."

नूतनला ते पटेना. या अकरा वर्षांत सासूबाईंनी एकट्याने कपाशी पिकवली, मुलाचं लग्न लावलं. वेचणीच्या बायकांत सगळ्यांत मोठ्याने त्याच हसायच्या. तेव्हा कधी साधी गोळी लागली नाही. मग आत्ताच का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकने ट्रंकेतून फोटो शोधून काढला, खिशात ठेवला आणि अंगणात गाडी पुसू लागला. यशोदाबाई ओट्यावर डोकं दाबून बसल्या होत्या. नूतनने तेल कोमट केलं आणि त्यांच्यामागे बसली.

"आई, आबांची फार आठवण येते का?"

अंगणात गाडी सुरू झाली, तसा यशोदाबाईंनी नूतनचा तेलकट हात घट्ट धरला.

"दीपकले थांबाड, बेटा. फोटो छापू नको म्हन. तुना सासरा माले दीड महिना पयले बाजारमा भेटी गया. घर परत येवानं म्हनस तो. हाऊ हात पायरीवर नही, त्यानीच मोडेल शे."