उजेडाची बाजू

"उजेड डाव्या अंगानं आला पायजे," कय्यूम म्हणाला, आणि शेजारच्या धनराजने सागवानी टेबल पुन्हा उचलले.

मागच्या खोलीला एकच खिडकी होती. तांदळाची कोठी ओसरीत गेली, पलंग भिंतीला लागला, आणि त्या खिडकीशी शिलाईसाठी एक कोपरा मोकळा झाला. कापणाऱ्याच्या हाताची सावली खडूच्या रेघेवर पडता कामा नये, हे उस्तादाने कय्यूमला पहिल्याच दिवशी शिकवले होते. आता ते ज्ञान फक्त दुसऱ्याला सांगण्यापुरते उरले होते. पावसाळा सरताना त्याच्या अंगावरून वारे गेले. चाल सावरली, उजवा हात मात्र मांडीवर परक्या वस्तूसारखा पडून राहू लागला. बल्लारपूरच्या बाजारातले दुकान बंद झाले आणि मशीन घरी आली.

मशीन आबिदाचीच होती. गडचांदूरला शिलाईचे दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी ती लग्नात दिली होती. सोबत एक कैचीही. नव्या नवरीची पारख म्हणून सासूने घरातली कैची तिच्या हाती दिली आणि सगळ्यांच्या देखत बाही कापायला सांगितली. कापडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी निघाली. नणंदा ओढणीत तोंड खुपसून हसल्या. "टेलरची पोरगी, आन् कैची धरता येत नाई," सासू म्हणाली. दुसऱ्याच दिवशी कय्यूमने मशीन दुकानात नेऊन तिच्यावर कारागीर बसवला. पुढे एकदा कणीक मळताना आबिदाने विचारले होते, मशीन परत कधी येईल म्हणून. घरी ती धूळच खाईल, असे तो म्हणाला. तिने पुन्हा विचारले नाही.

आता मशीन परत आली होती. पण तिला हवी होती तेव्हा नव्हे, त्याला गरज पडली तेव्हा. हे कय्यूमला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणे त्याच्या निर्जीव हाताहून जड होते. सकाळपासून तो डाव्या हाताने मशीनला तेल देत होता. टेपसाठी त्याने खुंटी ठोकून घेतली, बटणांना डबा शोधला, स्टुलाचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करवला. तोंडातून न निघणारा एकच शब्द तो वस्तूवस्तूंतून मांडत होता.

आणि ती त्याच्याशी वाईट वागली असती तर बरे झाले असते. आजारपणात डाव्या हाताने जेवायला तो तयार नव्हता. घास तसाच थाळीत ठेवून मान वळवायचा. तेव्हा तिने चमचा त्याच्या डाव्या मुठीत दाबून दिला होता. "डावा हातबी अल्लानंच देल्ला," ती म्हणाली होती, कधी नव्हे इतक्या करड्या आवाजात. दुबळ्या माणसाची ती समजूत घालते आहे, असे त्याला वाटले होते.

धनराजने दुकानातून आणलेले पोते रिकामे केले. तळाशी एक गंजकी कैची निघाली.

"हे तं सासऱ्याची कैची होय नं, कय्यूमभाऊ?" तो हसत म्हणाला.

दुकानात तो परवलीचा शब्द होता. सासऱ्याने दिलेली ती कैची कधी कापायचीच नाही; कापड दोन पात्यांमध्ये नुसते दुमडायचे. बनवणाऱ्याने पाती उलटी जोडली, जावयाला खोटा माल मिळाला, असे कय्यूम प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगे. कैची दाराखाली पाचरीसारखी सरकवलेली असे. पंखा बंद पडला तरी सासऱ्याची कैची, न बरसता ढग गेले तरी सासऱ्याची कैची. जेवणाचा डबा घेऊन आलेली आबिदा दाराशी हे ऐकायची आणि पदर सारखा करून हसायची.

आज ती हसली नाही. तिने कैची उचलली आणि फडक्याने पुसत राहिली.

कारखान्याचा भोंगा झाला तसा धनराज पाळीला निघून गेला. कय्यूमने टेबलावर जुनी चादर पसरली, डाव्या हाताने खडूची थरथरती रेघ ओढली आणि आपली रोजची, लोण्यासारखी चालणारी कैची तिच्यापुढे धरली. तिने ती उजव्या हातात घेतली. चार बोटे अंतर गेले नाही तोच पाते रेघ सोडून भरकटले. तीच कुरतडलेली कड.

"येईन तुले हळूहळू," तो म्हणाला. घर आता याच हातांवर चालायचे होते.

आबिदाने त्याची कैची खाली ठेवली. वडिलांच्या कैचीच्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला, दोनदा उघडमीट केली. मग तिने ती डाव्या हातात घेतली.

कर्र असा एकच लांब आवाज झाला. चादर रेघेच्या बरोबर मधून दुभंगत गेली. थरथरत्या रेघेचे प्रत्येक वळणसुद्धा पात्याने पाळले. कय्यूम पात्यांकडे पाहत राहिला. ती उलटी नव्हती. कोणा बापाने आपल्या लेकीच्या हाताचे माप घेऊन ती जोडून घेतली होती. इतक्या वर्षांत, कापडावर जगलेल्या या माणसाने ती कैची एकदाही दुसऱ्या हातात धरून पाहिली नव्हती. आणि त्या पारखीच्या दिवशी नवरीचा डावा हात, तिच्या मायने बजावून पाठवल्याप्रमाणे, ओढणीखाली होता.

"काऊन नाई सांगितलं?" त्याने विचारले.

तिने मान वर केली नाही. खिडकीतला उजेड तिच्या डाव्या खांद्यावरून कापडावर उतरत होता.

"टेबल फिरवा लागते," ती म्हणाली. "माह्या हाताची सावली पडून राह्यली."