बंद काचांची गाडी

दिल्लीत धुरामुळे शाळा बंद झाल्या, त्याच आठवड्यात हरविंदरच्या नव्या गाडीचं ॲव्हरेज निम्म्यावर आलं. चाकांत हवा भरून झाली, एअर फिल्टर बदलून झाला, तरी टाकी रिकामी होतच राहिली. शेवटी मेकॅनिकने गाडीला संगणक जोडला.

"पाजी, इंजिन ठणठणीत आहे. पण गाडी रोज तासन्‌तास उभ्या जागी चालू असते."

"अरे, मी तर कामाला मेट्रोने जातो."

"मग कंटाळून स्वतःच चालू होत असेल. घरी विचारा."

दुसऱ्या दिवशी हरविंदर दुपारीच परतला. गाडीच्या काचा बंद होत्या, एसी चालू होता आणि मागच्या सीटवर त्याची दमेकरी लेक गुनीत आईला टेकून झोपली होती.

जसलीनने काच बोटभर खाली केली. "घरात पोरीला श्वास घेता येत नाही. इथे हवा गाळून तरी येते. ओरडायचं तर ओरडा, पण आधी काच लावू द्या."

खोकतच तो मागे सरला आणि त्याने प्रथमच पार्किंगकडे नीट पाहिलं.


ओळीतली प्रत्येक गाडी जागच्या जागी धूर सोडत उभी होती आणि प्रत्येक बंद काचेआड एक मूल होतं.